कसलंपण

वडगाव निंबाळकर
८ डिसेंबर २०२४

अहो,

अक्षर ओळखू येणार नाही तुम्हाला. डाव्या हाताचं आहे. श्रावणापासून गिरवतेय, आता कुठं ओळीत राहायला लागलंय. पाकिटावरचा पत्ता तेवढा दादाकडून लिहून घेतला, नाहीतर पोस्टमन परत माझ्याच हातात आणून द्यायचा.

फोनवर तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता आणि ठेवता. मागच्या वेळी म्हणालात, हार्वेस्टरचा आवाज येतोय, काही ऐकू येत नाही. मागं टीव्हीवर कानडी बातम्या चालल्या होत्या. म्हणून पत्र लिहितेय. पत्र फाडून टाकता येतं, पण त्याआधी दोन-चार ओळी डोळ्याखालून जातातच.

काल मामा आले होते. तुमच्या वडिलांनी आमच्या ओसरीवर बसून दोन बशा चहा घेतला आणि म्हशींची, उसाच्या तोडीची चौकशी केली. मग बशीतच बघत मुद्द्यावर आले. तुमच्या धाकट्या भावासाठी, ऋषिराजसाठी डाळजचं स्थळ आलंय. मुलगी चांगली आहे, माणसं चांगली आहेत. पण मुलीच्या चुलत्याला भिगवणच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की वरकुट्याच्या त्या घरातली थोरली सून झपाटलेली आहे, तुटलेला हात दुखतो म्हणून ओरडते. तर संक्रांत झाली की भावकीतले तात्याबा इंदापुरात त्यांच्या घरी सगळ्यांना बसवणार आहेत. तिथं मुलीच्या चुलत्यासमोर मी सांगायचं की आता काही दुखत नाही. तेवढं झालं की मी वरकुट्याला यायचं आणि आपल्या पोरीजवळ, वैष्णवीजवळ राहायचं.

"दोनच शब्द हायत पोरी," मामा म्हणाले. "दुखत न्हाय. म्हण आन घरी चल."

मामा वाईट माणूस नाहीत. जाताना त्यांनी वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी ठेवली. मी म्हटलं, विचार करते. पण विचार कसला करायचा होता? माझं आधीच ठरलेलं होतं.

त्या दिवसाचं कुणी बोलत नाही माझ्यासमोर. सगळ्यांना वाटतं, मला त्रास होईल. मला तो दिवस नीट आठवतो. हत्ती गवताचा भारा ओला होता, चारा कापायच्या कुट्टी मशिनीत मुठीनं सारत होते, ते आतल्या आत वळलं आणि सोबत माझा हात घेऊन गेलं. बारामतीच्या दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा कोपराखाली चार बोटं लांबीचाच हात उरला होता, बाकी पांढरं बँडेज. तुम्ही मला तेव्हा चमच्यानं पेज भरवत होता. ते मी विसरलेली नाही, हेही इथंच लिहून ठेवते.

पण दिवाळीत गोठ्यात सगळ्यांदेखत तुम्ही काय म्हणालात तेही विसरलेली नाही. "हातच न्हाय तर दुखतंय काय? नाटक बास कर आता." आणि दुसऱ्या दिवशी आठवडाभरासाठी म्हणून गाडीवरून इथं आणून सोडलंत, वैष्णवीला तिकडं ठेवून. एका हातानं ही पोर कशी सांभाळणार, असं आत्या, तुमच्या आई, म्हणाल्या म्हणून. मग तुम्ही निपाणीच्या पुढं उसाच्या हंगामावर निघून गेलात. तो आठवडा अजून चाललाय.

सोनम


बारामती
२७ डिसेंबर २०२४

अहो,

हे पत्र कॉलेजच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. दचकू नका. डॉक्टरकडं आले होते, एसटीला वेळ आहे.

हात नसून दुखतो, याचं डॉक्टरांना आश्चर्य वाटत नाही. ते म्हणतात, हात जातो पण मेंदूतली हाताची जागा जात नाही. पुष्कळांना होतं, फँटम पेन म्हणतात. गोळ्या बदलून दिल्यात. फिजिओथेरपीच्या बाईंनी एक आरसा दिला. तो छातीसमोर उभा करून ठेवायचा, डावा हात त्याच्यापुढं ठेवायचा, म्हणजे आरशात उजवा दिसतो. मग डावी मूठ हळूहळू उघडायची. कधी कधी त्याबरोबर ती दुसरी, नसलेली मूठही उघडते. कधी नाही उघडत. ज्या दिवशी उघडते त्या दिवशी मी जेवते.

तिथून कॉलेजात गेले. लग्नाआधी दोन वर्षं मी इथं तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करत होते हे तुमच्या घरात कुणाला आठवत नसेल. तुम्हाला आठवत असेल, कारण पहिल्या भेटीत तुम्ही विचारलं होतं, हे तत्त्वज्ञान म्हणजे कीर्तनासारखं का, आणि मी हसले होते. राजेश्वरी मॅडम तेव्हा आम्हाला तर्कशास्त्र शिकवायच्या, अजून शिकवतात. त्यांनी माझ्या बाहीकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली. मी सरळ विचारलं, "मॅडम, जे नाही ते दुखू शकतं का?"

त्या म्हणाल्या, का दुखतं ते डॉक्टरांनी तुला सांगितलंच आहे. तू विचारतेस ते वेगळं आहे. आणि मग त्यांनी एक शब्द सांगितला. क्वालिया.

तुम्हाला समजेल असं सांगते, कारण मॅडमनी मला तसंच सांगितलं. गुऱ्हाळावर रस उकळतो, काकवी होते, त्याचा एक वास असतो. किती तापमानाला काय होतं, कोणता वायू निघतो, तो नाकात कुठं जातो, हे सगळं माणूस पुस्तकातून शिकू शकतो. पण आयुष्यात गुऱ्हाळाकडं न फिरकलेल्या माणसाला तो वास कसा असतो, हे त्या सगळ्या माहितीतून कळणार नाही. जे राहिलं, जे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, त्याला क्वालिया म्हणतात. लाल रंगाचं लालपण, खाजेचं खाजपण.

मी विचारलं, हा शब्द आला कुठून? मॅडम हसल्या, म्हणाल्या, वर्गातही तू हेच विचारायचीस. लॅटिन आहे. त्या भाषेत 'क्वालिस' म्हणजे प्रश्न. कसला? कशासारखा? बाजारात पोतं बघून आपण विचारतो ना, कसला तांदूळ आहे, तोच शब्द. त्याच्याही आधी ग्रीसमध्ये एका विचारवंतानं आपल्या भाषेतल्या 'कसला' या शब्दापासून 'गुण' अशा अर्थाचा नवा शब्द बनवला होता आणि लिहिलं होतं की हा शब्द ऐकायला विचित्र वाटेल. पुढं एका रोमन माणसानं त्याच धर्तीवर लॅटिनमध्ये बनवला. इंग्रजीतली क्वालिटी तिथूनच आली. आणि साधारण शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकन प्राध्यापकानं क्वालिया हा शब्द आत्ताच्या अर्थानं पुस्तकात वापरला. तेव्हापासून त्याच्यावर भांडणं चालू आहेत.

मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, कुणी अनुभवगुण म्हणतात. मला नाही आवडलं. ते सरकारी वाटतं. मी म्हटलं, मूळ शब्द 'कसलं' असेल तर आपण कसलंपण म्हणूया. मॅडमनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला.

त्यांनी मला फसवलं नाही. क्वालिया असं काही नसतंच, तो आपला भ्रम आहे, असं म्हणणारेही मोठे विद्वान आहेत, हे त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं काय ते समजावूनही दिलं. मी सगळं ऐकून घेतलं. ते माझ्यापेक्षा हुशार असतील. पण माझ्या जागेवर त्यांच्यापैकी कुणी बसलेलं नाही.

एसटी यायची वेळ झाली, तरी एवढं लिहितेच. उन्हाळ्यापासून मला लोकांनी काय काय विचारलं ते आज मोजून पाहिलं. कुठं दुखतं, किती दुखतं, आणि खरंच दुखतं का. डॉक्टरांनी एक ते दहा आकडे दिले, त्यातला निवडायला लावला. आत्यांनी देवऋषी आणला, तो म्हणाला, हाताला माती नीट मिळाली नाही म्हणून तो हाका मारतो. त्यानंही विचारलं, किती दिस झाले. कसलं दुखतं, असं एकाही माणसानं विचारलं नाही. तुम्हीही नाही.

तर न विचारता सांगते. मूठ आवळलेली असते. अंगठा आत अडकलेला आणि चारी बोटं त्याच्यावर, इतकी घट्ट की नखं तळव्यात शिरतात. मला ती उघडायची असते आणि उघडायला हातच नाही. ओल्या गवताचा थंडपणा अजून बोटांच्या मध्ये आहे. त्या थंडपणाच्या आत जळतं. बाकी लोकांचं दुखणं चुलीसारखं असतं, लांब सरकता येतं. हे माझ्या अंगात नाही, तरी मी त्याच्यापासून लांब जाऊ शकत नाही.

हे नाटक असतं तर मी जरा सोपं निवडलं असतं.

सोनम


वडगाव निंबाळकर
१६ जानेवारी २०२५

अहो,

तुम्ही मला फोन केला नाहीत, दादाला केलात. "तिला म्हणावं हट्ट सोड, पोरीचा इचार कर." दादानं जसंच्या तसं सांगितलं. तो मधे पडत नाही आणि मीही त्याला पाडत नाही.

पोरीचा विचार काय असतो ते ऐका.

संक्रांतीला मी एकटी वरकुट्याला गेले. इंदापूरला एसटी बदलली. तिळगूळ घेऊन दारात उभी राहिले तेव्हा आत्यांनी 'ये' म्हटलं, पाणी दिलं, पण ओसरीच्या आत बोलावलं नाही. ऋषिराज मोटरसायकल पुसत होता, त्यानं मान वर केली नाही. वैष्णवी शेजारून पळत आली. उंच झालीय. आत्यांनी तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, मला आता ज्या घालता येत नाहीत तशा. आधी ती थोडी लांब उभी राहिली, मग मांडीवर येऊन बसली. पहिलाच प्रश्न विचारला.

"आई, तुझा हात दुखायचा थांबला का? आजी म्हणती, थांबला की तू येणार."

आत्या भिंतीकडं बघत होत्या. 'हो' म्हटलं असतं तर पोरगी माझ्या गळ्यात पडली असती. कदाचित त्याच दिवशी मला आत घेतलं असतं. इंदापूरची बैठकही लागली नसती.

मी म्हटलं, "नाही गं. दुखतो अजून."

तिनं तिळगूळ खाल्ला. मग म्हणाली, "मग तू कवा येणार?" मी तिच्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला.

परतीच्या एसटीत मी रडले, ते लपवत नाही. पण रडले म्हणून वाकले असं समजू नका. उद्या हीच पोर कुठंतरी पडेल, कुणीतरी तिच्याशी काहीतरी करेल, ती येऊन मला म्हणेल, आई, मला दुखतंय. तेव्हा तिला ठाऊक पाहिजे की या घरात एक माणूस असं आहे जे दुखण्याबद्दल खोटं बोलत नाही. पाच वर्षांच्या पोरीसमोर मी खोटं बोलले नाही. तात्याबांसमोर तर प्रश्नच नाही.

हा हट्ट म्हणत असाल तर म्हणा.

सोनम


वडगाव निंबाळकर
३ फेब्रुवारी २०२५

अहो,

काल इंदापुरात बैठक झाली. तुम्हाला प्रत्येकानं आपापल्या परीनं फोन केला असेलच. माझ्याकडून हे घ्या.

तात्याबांच्या पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. तात्याबा, मामा, मुलीचे चुलते, आमचा दादा, ऋषिराज. मी दादाच्या शेजारी बसले. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पदर तोंडाशी धरून. तात्याबांनी चांगली सुरुवात केली. म्हणाले, पोरीवर वाईट प्रसंग आला, तिनं सोसलं, आता ती बरी आहे, तिच्या तोंडून ऐका आणि पुढच्या बोलण्याला लागा. मग माझ्याकडं वळले.

मी म्हटलं, "मी घरात ओरडणार नाही. दुखायला लागलं तर बाजूला जाऊन बसेन. आरसा आहे माझ्याकडं, औषध आहे. कुणाच्या लग्नात माझ्यामुळं अडचण यावी असं मला वाटत नाही. पण दुखत नाही असं मी म्हणणार नाही."

मामांनी डोळे मिटले. ऋषिराज म्हणाला, वहिनी, माझ्याकडं बघून तरी म्हणा. मला त्याचं वाईट वाटलं. तो अजून तेवीसचा आहे आणि ती मुलगी त्याला आवडलीय, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दोन शब्दांचा प्रश्न हाय," तात्याबा म्हणाले.

"मग ते दोन शब्द तुम्हीच बोला, तात्याबा. ज्याचं दुखत नाही त्यानं म्हणावं."

त्यांना राग आला. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, हे बघ पोरी, तू शिकलेली आहेस, तुला बोलता येतं. पण साधी गोष्ट आहे, लहान पोराला विचार. जे नाही ते दुखत नसतं.

मी काहीतरी म्हणणार होते. मॅडमचा शब्द तयार होता माझ्याकडं, लॅटिनसकट. तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला.

"दुखतं."

सगळे वळले. आत्यांनी तोंडावरचा पदर काढला होता.

"युवराजच्या आदी एक हुतं," तुमचं नाव घेऊन त्या म्हणाल्या. "सातव्या म्हैन्यात गेलं. पुरून आले ही समदी. तरी पोटात हलायचं. भाकरी थापताना लाथ मारायचं. मी हात ठिवून बघायची, काय नसायचं. तरी हलायचं. लई दिस."

तात्याबा जरा सावरून म्हणाले, "वैनी, दुःखानं तसं वाटत असंल."

"वाटायचं न्हाय. हलायचं."

बाहेर रस्त्यावर रिकाम्या बैलगाड्या चालल्या होत्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मामा आत्यांकडं असे बघत होते जसं काही त्यांना पहिल्यांदाच बघतायत.

"मला कदी बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"कुणाला बोलणार? सासूबाई हुत्या. देवऋषी आणला असता त्येंनी." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माफी वगैरे काही नव्हती त्या बघण्यात. पण त्यांनी नजर काढून घेतली नाही आणि मीही नाही.

मामांनी घसा खाकरला. मग सगळ्यांसमोर, त्या सतरंजीवर बसून, आपल्या बायकोला विचारलं.

"कसलं हुतं गं? लाथ म्हंजे, कसलं?"

आत्यांना एकदम सांगता येईना. त्यांनी दोन्ही हात पोटाशी नेले, हवेत काहीतरी धरल्यासारखे. "टोपलीत जिता मासा उलटतो न्हाय का," त्या म्हणाल्या. "तसं. वरनं काय दिसत न्हाय, बुडाला लागतं." आणि मग त्या रडल्या. तुमची आई रडलेली मी आजवर पाहिलेली नव्हती. तुम्ही पाहिलंय का?

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. तुमच्या आईनं मला पाणी पाजून ओसरीवर ठेवलं होतं, ते मी विसरले असं नाही. तरी बसले.

मुलीचे चुलते चहा न घेता उठले. नमस्कार करून गेले.

संध्याकाळी आम्ही सगळे वरकुट्याला गेलो. मी आत्यांना म्हटलं, वैष्णवीला आज घेऊन जाणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. त्या आत गेल्या आणि तिचे कपडे पिशवीत भरून आणले. वर तिची पाटी ठेवली. म्हणाल्या, "येणी घालायला शिकीव तिला. तिची तिनं घालू दी."

सोनम


वडगाव निंबाळकर
१२ मार्च २०२५

अहो,

तुमचं पत्र मिळालं. पहिल्यांदाच आलं. लग्नाआधीही तुम्ही कधी लिहिलं नव्हतं. चार ओळी आहेत, आणि मधे दोन खोडलेल्या. खोडलेल्या मी उजेडापुढं धरून वाचल्या, हे तुम्हाला माहीत असू द्या.

आधी बातमी. डाळजचं स्थळ गेलं. त्यांनी निरोप पाठवला की सध्या घाई नाही. ऋषिराज माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे, त्याला माझ्या खरेपणाची किंमत मोजावी लागली आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला फोन केला, त्यानं उचलला नाही, मी परत करणार आहे. पण जे बोलले ते परत घेणार नाही. त्या मुलीला या घरात यायचं असेल तर इथं काय दुखतं ते माहीत असून यावं. गोष्टी लपवून आणलेल्या सुनेचे काय हाल होतात ते मला नका विचारू.

आत्या दर सोमवारी फोन करतात. वैष्णवीशी बोलतात, मग मला म्हणतात, 'आज उघडली का गं मूठ?' कधी मी नाही म्हणते, तर त्या 'बरं' म्हणून गप्प बसतात. ठेवत नाहीत फोन. मामा आता गावातल्या कुणालाही त्या गेलेल्या पोराबद्दल सांगतात म्हणे, जणू परवाच गेलं.

मी बी.ए.च्या राहिलेल्या वर्षाला नाव घालतेय. राजेश्वरी मॅडमनी कॉलेजात विचारून ठेवलंय, परीक्षेला लिहायला जास्त वेळ मिळतो. पेपर मी स्वतः लिहिणार, लेखनिक घेणार नाही. वरकुटं माझंही घर आहे, मी तिथं येईन, पण मला वाटेल तेव्हा, आणि आतल्या खोलीत बसेन. तूर्त मी आणि वैष्णवी इथंच राहणार. तिची इथल्या अंगणवाडीत मैत्रीण झालीय. वेण्या वाकड्या घालते, पण स्वतः घालते.

आता तुमच्या चार ओळी. तुम्ही लिहिलंय, आईनं सगळं सांगितलं. लिहिलंय, हंगाम संपत आलाय. मग खोडलेलं. मग 'अजून दुखतं का' आणि शेवटी 'येऊ का'.

दुखतं. अजून दुखतं, आणि कदाचित दुखतच राहील. डॉक्टरांनी काही शब्द दिलेला नाही. तेव्हा थांबेपर्यंत वाट बघायची असेल तर तिकडंच राहा. मला घरी न्यायला यायचं असेल तरीही नका येऊ. दिवाळीत जे म्हणालात ते पुसायला येत असाल तर ते काही पुसलं जाणार नाही, त्याच्यासकट यावं लागेल.

आणि नुसतं यायचं असेल तर या. बारामतीला उतरलात तर दादा गाडी घेऊन येईल. वैष्णवीला अजून सांगितलेलं नाही, तुम्ही निघाल्याचा फोन आला की सांगेन. मला काय विचारायचं ते वाटेत ठरवा. काही सुचलं नाही तर ओसरीवर गप्प बसा. मी चहा करेन. एका हातानं करते, वेळ लागतो. मदतीला उठू नका. थांबावं लागेल.

सोनम